बारा सुरांचं मशीन

परीक्षेचे दिवस आले की आमच्या घरातलं बोलणं कमी होतं. मुलगी कानांवर हेडफोन चढवून टेबलाशी बसते. समोर लॅपटॉप, बाजूला तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी. परवा मी तिला मागून हाक मारली. तिने मान वळवली नाही. दुसरी हाक मारली, तरीही नाही. हेडफोन घातलेल्या माणसाला हाक ऐकू येत नाही, यात घाबरण्यासारखं काही नसतं हे मला चांगलं कळतं. तरी तिसऱ्या हाकेनंतर मी धावत जाऊन तिच्या खांद्याला हात लावला. केवढ्याने दचकवलंस, म्हणाली. खरं तर दचकले मी होते.

मी मुळातच भित्री भागूबाई. पाल, वीज, वरच्या मजल्यावरून सरकवलेली खुर्ची, कशालाही भिते. नवरा याची यथेच्छ चेष्टा करतो आणि मी त्याला करू देते. पण पाठमोऱ्या माणसाने हाकेला ओ दिली नाही की जी भीती वाटते, तिची चेष्टा मी स्वतःही करत नाही. ती मला भिवंडीत लागली. नव्वदच्या दशकाच्या मधल्या एका उन्हाळ्यात, डिप्लोमाच्या शेवटच्या परीक्षेच्या आधी.

भिवंडीतल्या टेमघरला आमची खोली होती आणि तिच्या मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांची शेड. खटखट, खटखट, दिवसरात्र. पाहुणे आले की पहिल्या दिवशी डोकं धरून बसायचे. आम्ही मात्र त्या आवाजात अभ्यास केला, भांडलो, झोपलो. भिवंडीच्या पोराला आवाजाने जाग येत नाही, आवाज थांबला की येते. शुक्रवारी मागांना सुट्टी, तेव्हाची शांतता ओळखीची होती. त्या दिवशी शेजारच्या नळाची धार ऐकू यायची, आईच्या बांगड्या ऐकू यायच्या. पण मी लहान असताना, ऐंशीच्या दशकात, एकदा मंगळवारी का बुधवारी भरदुपारी माग थांबले. एक थांबला, मग शेजारचा, मग सगळी ओळ. बाबा अर्ध्या शिफ्टमधून घरी आले आणि त्यांनी दाराला कडी घातली. का, ते मला कोणी सांगितलं नाही; दंगल हा शब्द मला पुढे कळला. आई डब्यातले तांदूळ हाताने चाचपून बघत होती. कितीतरी दिवस माग सुरू झाले नाहीत. मशीन थांबलं म्हणजे काहीतरी वाईट झालं, हे तेव्हा माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

बाबा युसूफशेठच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री. आमचं मूळ गाव पडघ्याच्या बाजूला. तिथून ते तरुणपणी आले ते हेल्पर म्हणून, आणि कानांच्या जोरावर जॉबर झाले. तीस माग एकदम चालू असताना शेडच्या दारात उभे राहून ते सांगायचे, खिडकीकडच्या तिसऱ्याचा पट्टा ढिला झालाय. किंवा, त्या कोपऱ्यातल्याचा आडवं सूत नेणारा धोटा नीट बसत नाही, आत्ता सूत तोडेल. जाऊन बघावं तर तसंच. दुसरे मिस्त्री पाने-हातोडे घेऊन खाली वाकायचे, बाबा आधी मान तिरकी करायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांची मान जरा तिरकीच असते.

युसूफशेठची थोरली बहीण जुबेदाआपा शाळेत गणित शिकवायच्या. कोकणी मुसलमानांचं जुनं घराणं. भाऊ मागांत रमला, या आकड्यांत. ऐंशीच्या दशकात त्यांनी हट्टाने एक संगणक विकत आणला, काळा पडदा आणि हिरवी अक्षरं असलेला, आणि पुस्तकं वाचून त्याच्याशी बोलायला शिकल्या. कारखान्यातले कारागीर चाळिशीत बहिरे होतात, आणि होताना त्यांना स्वतःला कळत नाही, हे आपांना सलत होतं. म्हणून त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. कानाला हेडफोन लावून बसायचं. मशीन एकेक सूर वाजवणार, आधी जाड, मग बारीक होत जाणारे, एकूण बारा. ऐकू आला की माणसाने मोठी कळ दाबायची. मग पडद्यावर एक गोल उमटे. नाही ऐकू आला तर फुली. हा डॉक्टरी तपास नव्हे असं आपा प्रत्येकाला बजावत. पण बारीक सुरांवर फुल्या दिसू लागल्या की त्या माणसाला घेऊन स्वतः डॉक्टरकडे जात.

हा तपास शुक्रवारी, माग बंद असताना, शेडच्या माडीवरच्या ऑफिसात व्हायचा. मी बाबांबरोबर जायची. आपांची एक रीत माझ्या चांगली लक्षात आहे. फुलीची कळ त्या स्वतः दाबायच्या. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली कळ होती ती आणि तिच्यावर त्या एक जाड वही आडवी ठेवायच्या. सूर सुरू झाला की समोरच्या माणसाकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसायच्या, भरपूर वेळ. घाई म्हणून नाही. मग हळूच वहीखाली हात सरकायचा. आपली फुली आपांनी दाबली हे समोरच्याला दिसू नये म्हणून ती वही. मशीनसुद्धा तोवर गप्प उभं राहायचं.

मी शेवटच्या वर्षाला गेले त्याच्या आदल्या साली आपा वारल्या. त्यांच्या मागोमाग पावसाळ्यात मशीनही गेलं. ओल धरली, एक दिवस पडदा उजळलाच नाही. सुटे भाग कुठे मिळेनात. उरली एक फ्लॉपी, तीत प्रोग्रॅम आणि सगळ्या कारागिरांच्या नोंदी, आणि ती दुसऱ्या कुठल्याही मशीनला वाचता येत नव्हती. युसूफशेठनी ऑफिसात नवा रंगीत डेस्कटॉप घेतला होता. विंडोज, माऊस, सगळं. त्यांनी मला विचारलं, आपाचं ते काम ह्याच्यात चालेल असं काही करता येतं का. मी हो म्हणाले. कॉलेजात प्रोजेक्टचा विषय म्हणून तेच दिलं.

आता याला सगळे व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि एका टिचकीत उभं करतात. तेव्हा मला एवढंच समजलं होतं की नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक उभा करायचा, तोही नुसता लिहून. जुन्या प्रोसेसरला ज्या ज्या आज्ञा कळत, त्या प्रत्येक आज्ञेसाठी एकेक तुकडा लिहायचा. जुन्या मेमरीच्या जागी आकड्यांची लांबच लांब रांग. जुन्या पडद्याच्या जागी नव्या पडद्यावर एक काळी चौकट. आत बसलेल्या प्रोग्रॅमला पत्ताच लागता कामा नये की आपलं मशीन कधीच भंगारात गेलंय.

पण खरं कारण मी कॉलेजातल्या सरांना सांगितलं नव्हतं, शेठना नाही आणि आईलाही नाही. बाबा हाकेला ओ देईनासे झाले होते. समोरून बोललं की सगळं ठीक. पाठीमागून बोललं की काही नाही. एकदा मी शेडच्या दारातून बघितलं, तर ते मान तिरकी करत नव्हते. मागाच्या लाकडावर तळहात ठेवून उभे होते, डोळे मिटून. बराच वेळ. मग दुसऱ्या मागावर हात. डॉक्टरचं नाव काढलं की चिडायचे. जॉबरचे कान गेले हे शेडमध्ये कळलं तर उद्यापासून आपल्याला कोण विचारणार, हे ते बोलून दाखवत नव्हते, पण मला ऐकू येत होतं. त्यांना ऐकू येतं की नाही एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. आणि आपांच्या मशीनपुढे बसायला ते कधीच नाही म्हणाले नव्हते.

जानेवारी ते एप्रिल मी भीत भीत लिहीत होते. पहिली भीती फ्लॉपीची. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या ड्राइव्हमध्ये ती घातली तेव्हा आतून खरखर आली. एकदाच नक्कल निघाली. दुसऱ्यांदा तिने वाचू दिलं नाही. मग आज्ञांची भीती. शेकडो आज्ञा, आणि त्यातल्या एकीत एका आकड्याची चूक झाली तर सगळंच चुकीचं, पण दिसायला बरोबर. आपांच्या संगणकाच्या पुस्तकात मी पेन्सिलने खुणा करत एकेक आज्ञा उतरवत गेले. बेरीज कर. इथून तिथे ने. शून्य असेल तर मागे जा. शेवटाकडे एक आज्ञा होती, हॉल्ट. बाहेरून कोणी हलवेपर्यंत थांब, असा तिचा अर्थ.

ती वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. थांबलेलं मशीन मला माझ्या मशीनमध्ये नको होतं. थांबलं आणि पुन्हा हललंच नाही तर? परीक्षकांसमोर हिरवी अक्षरं तशीच गोठून राहिली तर? मी त्या आज्ञेपुढे लिहिलं, काही करू नको, पुढे चल. अगदी शहाणपणा केल्यासारखं मला वाटलं. दुसऱ्या गावच्या पोरीने कदाचित पुस्तकात लिहिलंय ते केलं असतं.

एप्रिलच्या एका शुक्रवारी दुपारी, ऑफिसातल्या नव्या संगणकावर, काळ्या चौकटीत हिरवी अक्षरं उमटली. आपांनी लिहिलेला सलाम, आणि खाली मराठीत पण रोमन अक्षरांत, घाबरू नका. मला रडू आलं. आधी मी जुन्या नोंदी उघडल्या. बाबांची शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची, अकरा गोल आणि शेवटच्या सुरावर एक फुली. मग हेडफोन घातले आणि स्वतःलाच तपासलं.

पहिले सहा सूर खणखणीत आले. सहा गोल. मग सातव्यासाठी कान टवकारले. काही नाही. पडद्यावर फुली उमटली. आठवा, नववा, दहावा. सहाच्या सहा बारीक सुरांवर फुल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. जाड सूर शाबूत आणि बारीक गेलेले. मागांनी कान गेलेल्या प्रत्येक कारागिराच्या नोंदीत मी हेच बघितलं होतं. भिंतीपलीकडे माग ठेवून वीस वर्षं झोपलेल्या मुलीच्या कानांचं दुसरं काय होणार, असं मनाशी म्हटलं आणि विश्वास ठेवला. मशीनवर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कुकरची शिट्टी ऐकू यायची, पण ती जाड का बारीक? आईच्या बांगड्या मला खरंच ऐकू येतायत, का हात हलताना बघून मला त्या आठवतायत? मी डोळे मिटून आईला हात हलवायला सांगितलं. ती म्हणाली, परीक्षेने वेडी झालीस. संध्याकाळी मागच्या चिंचेवर चिमण्या बसायच्या. मी खिडकीशी उभी राहून त्यांच्या चोची हलताना बघायची आणि मागांच्या खटखटीत त्यांचा आवाज शोधायची. सापडायचा नाही. तो कोणालाच सापडला नसता, पण तेवढं सुचायला डोकं थाऱ्यावर लागतं. मी बाबांसारखा दारावर तळहात ठेवून बघितला. त्यातून काय कळतं ते मला कळलं नाही.

शेवटी मी बाबांना सांगून टाकलं. समोर बसून, तोंड नीट उघडून, कारण दुसरा मार्ग नव्हता. माझे कान गेलेत. बाबा म्हणाले, चल, मलापन बसव. पुढच्या शुक्रवारी आम्ही माडीवर गेलो. शेठ जुम्याच्या नमाजाला गेले होते, खाली सगळे माग गप्प. बाबांनी हेडफोन घातले, पाठ ताठ केली. सहा गोल. मग फुली, फुली, फुली. हुबेहूब माझ्यासारख्या सहा. मी पडद्यावरच्या फुल्या पुन्हा मोजल्या.

बाबा मात्र पडद्याकडे बघत नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते. दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

"न्हाय कोनी दाबलं?" त्यांनी विचारलं.

मला कळलं नाही.

"आपा दाबायची. वहीखालनं. तिनं दाबल्याबिगर तिचं मशीन हलायचं न्हाय, वाट बघायचं. हे तर आपल्याच मनानं न्हाय म्हनतंय."

आपांची ती रीत माझ्या लक्षात होती, आणि तरी आपोआप पडणारी फुली मला खटकलीच नव्हती. आपांच्या वहीखालचा हात त्यांना पहिल्यापासून ठाऊक होता. आणि ठाऊक नसल्यासारखे ते वर्षानुवर्षं तिथे बसत आले होते.

चूक सापडायला तासही लागला नाही. पहिले सहा सूर आपांनी सुरुवातीला लिहिले होते. तिथे प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा विचारत राहायचा, कळ दाबली का, दाबली का. पुढचे सहा त्यांनी नंतर जोडले. तोवर त्या हॉल्ट शिकल्या होत्या. सूर सुरू कर, थांब, माणसाने काही दाबलं की सूर बंद कर. माझं मशीन थांबतच नव्हतं. सूर सुरू झाला त्याच क्षणी बंद होत होता, कोणाच्याही कानाला न लागता, आणि मोठी कळ दाबलेली दिसली नाही की फुली पडत होती. मी बाबांना सगळं समजावलं. त्यांना अर्धंच कळलं असेल. पण थांबणं मी काढून टाकलं होतं हे ऐकून ते हसले. "कांडी सपली का माग थांबतो ना गं," म्हणाले. "म्हंजी मेला काय? नवीन कांडी मागतो."

कांडी म्हणजे धोट्यातली सुताची नळी. ती संपली की माग आपोआप उभा राहतो, कारागीर नवी घालतो, माग सुरू. हे मी जन्मापासून बघत आले होते.

हॉल्ट नीट लिहिला. थांब, आणि कळ दाबेपर्यंत थांबून राहा. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा हेडफोन घातले. सातवा सूर आला, बारीक, स्वच्छ. आठवा. नववा सुईच्या टोकासारखा. बाराव्यापर्यंत सगळे गोल. मी माडीवरच्या त्या खोलीत एकटी हसत होते आणि नाक पुसत होते. खाली उतरले आणि चिंचेखाली उभी राहून उगाच ऐकत राहिले.

आणि त्याच दिवशी नवी भीती सुरू झाली, आधीच्या सगळ्यांहून मोठी. माझ्या सहा फुल्या खोट्या होत्या. म्हणजे बाबांच्याही खोट्या असू शकत होत्या. घरी आईने पाटावर ताट ठेवलं की मी बाबांकडे चोरून बघायची. मागून हाक मारायची हिंमत होत नव्हती. एकदा मनात आलं, ते जुनं चुकीचं मशीनच ठेवावं. त्याच्या फुल्यांवर कोणाला विश्वास ठेवायची गरज नव्हती. परीक्षकांना काय, हिरवी अक्षरं दिसली की झालं. पुढे झालंही तसंच. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि सही केली. त्यांच्यापुढे उभी असताना मला भीती वाटल्याचं आठवत नाही. वाटून संपली होती.

लॅपटॉप बदलत गेले तसं ते मशीन मी दर वेळी नव्यात हलवत आले. परवा मुलीने ती काळी चौकट बघितली आणि विचारलं, हे काय आहे. म्हटलं, कान तपासायचं. तिने लगेच हेडफोन सारखे केले आणि कळेवर बोट ठेवलं. मी स्वयंपाकघरात निघून गेले. ओट्याशी उभी राहून मी एकापाठोपाठ बारा वेळा तिने दाबलेली कळ मोजली, आणि मग गॅस पेटवला.

नीट केलेल्या मशीनपुढे बाबांना बसवलं तो शुक्रवार मे महिन्यातला होता. ऑफिसातला पंखा मी बंद केला होता, त्याचाही आवाज नको म्हणून. बाबांनी अंगातला शर्ट नीट केला, हेडफोन घातले, बोट कळेवर ठेवलं. मी कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर माझी प्रोजेक्टची वही आडवी ठेवली. सहा सूर भराभर गेले. सातव्याला ते जरा थांबले आणि दाबलं. गोल उमटला.

आठवा सूर सुरू झाला. पडद्यावर आठचा आकडा लुकलुकत होता. हेडफोनच्या कडेतून तो मला, शेजारी बसल्या बसल्या, पुसट ऐकू येत होता. बाबा बोट उचलून बसले होते, पाठ ताठ, मान तिरकी. ती जुनी तिरकी मान कितीतरी दिवसांनी मी बघत होते. मशीन थांबून राहिलं होतं, मी लिहिलं होतं अगदी तसं. खिडकीबाहेर शेडचे पत्रे तापले होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले, आपा बघायच्या तेवढा वेळ, त्याहून जास्त वेळ. सूर वाजतच होता. माझा डावा हात वहीखाली होता आणि तो मला हलवता येत नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. बाबांनी कळेवरचं बोट काढून घेतलं आणि हात मांडीवर ठेवला. हेडफोन तसेच राहू दिले. मग तोंड भिंतीकडे वळवलं.

"दाब गं," ते म्हणाले. "मी बघत न्हाय."

मी दाबली. फुली उमटली, आठाचे नऊ झाले, सूर सुरू झाला आणि मशीन पुन्हा थांबलं.